केसीएनई१ : १२९ अक्षरांच्या पटल-प्रथिनाचा अभ्यास घरबसल्या कसा करावा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी सध्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिला केसीएनई१ हे मानवी पटल-प्रथिन, म्हणजे पेशीच्या पटलात बसणारे प्रथिन, मिळाले. एका रविवारी ती दोन छापील कागद घेऊन खाली आली आणि म्हणाली, "काका, हे प्रथिन स्वतः आयन चॅनल आहे की नाही? या कागदावर आहे म्हणतात, त्या कागदावर नाही म्हणतात." आयन चॅनल म्हणजे पटलातून आयनांना आरपार जाऊ देणारे प्रथिनाचे छिद्र. दोन्ही कागद प्रामाणिक होते. फरक एवढाच की एक १९९६ च्या आधीचा होता आणि दुसरा नंतरचा.

त्यानंतरच्या चार रविवारी आम्ही जे केले तेच येथे क्रमाने लिहितो आहे. जीवशास्त्राच्या किंवा वैद्यकाच्या ज्या विद्यार्थ्यांना एखाद्या नियामक, म्हणजे दुसऱ्या प्रथिनाच्या कामाला वळण देणाऱ्या, पटल-प्रथिनाचा अभ्यास प्रयोगशाळेशिवाय सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आलेख-कागद, शिसपेन्सिल, खोडरबर आणि इंटरनेट असलेला संगणक एवढे साहित्य पुरते. पेन्सिलीचा आग्रह जुन्या मास्तराचा हट्ट वाटेल, पण तो का धरला ते लवकरच दिसेल.

क्रम उतरवून घेणे

पहिली पायरी युनिप्रॉट या प्रथिनांच्या मोफत संग्रहापासून सुरू होते. तेथे केसीएनई१ या नावाने शोधल्यास उंदीर, घूस, गिनीपिग अशा अनेक प्राण्यांची प्रथिने समोर येतात; त्यांतले मानवी प्रथिन निवडावे, ज्याचा क्रमांक पी१५३८२ आहे. त्याची लांबी १२९ अमिनो आम्ले आणि वस्तुमान सुमारे १५ हजार डाल्टन आहे. जनुक २१ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. जुन्या लेखांत हेच प्रथिन 'मिनके' किंवा 'आयएसके' या नावांनी आढळते, तेव्हा शोध घेताना तिन्ही नावे वापरावीत.

आता तेथे दिलेला अमिनो आम्लांचा क्रम, ज्यात प्रत्येक आम्लासाठी एक अक्षर असते, आलेख-कागदावर एका चौकटीत एक अक्षर असा हाताने उतरवावा आणि दर दहाव्या अक्षराखाली आकडा घालावा. आमच्या विद्यार्थिनीला हे काम बालवाडीचे वाटले, कारण संगणक तेच क्षणात करतो. पण उतरवून झाल्यावर तिचे एकूण १२८ भरले आणि ८५ व्या जागी यायला हवे ते अ‍ॅस्पार्टिक आम्ल, म्हणजे 'डी', ८४ व्या जागी आले. चूक शोधायला दहा मिनिटे गेली. ५३ पासून ५७ पर्यंत 'एफ-एफ-जी-एफ-एफ' असा तुकडा आहे, आणि तो लिहिताना तिने एक 'एफ' गिळला होता. त्या निमित्ताने तिला कळले की प्रथिनाच्या मधोमध फिनाइलअलानीनची एवढी गर्दी आहे. पडद्यावर नुसती नजर फिरवताना ही गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

पटलातला भाग हिशेबाने काढणे

पेशीपटलाचा आतला थर तेलकट असतो, त्यामुळे त्यातून आरपार जाणारा प्रथिनाचा तुकडा जलद्वेषी अमिनो आम्लांचा असावा लागतो. काइट आणि डूलिटल यांनी १९८२ मध्ये प्रत्येक अमिनो आम्लाला यासाठी एक अंक दिला : आयसोल्युसीन ४.५, व्हॅलीन ४.२, ल्युसीन ३.८, फिनाइलअलानीन २.८, मेथिओनीन १.९, ग्लायसीन उणे ०.४, थ्रिओनीन उणे ०.७, टायरोसीन उणे १.३, आणि दुसऱ्या टोकाला लायसीन उणे ३.९ व आर्जिनीन उणे ४.५. सलग १९ अक्षरांची सरासरी १.६ च्या वर गेली, तर तो तुकडा पटलातला असण्याचा दाट संभव मानतात.

हा हिशेब संगणकाला सांगण्याआधी एकदा हाताने करावा. ४५ व्या ल्युसीनपासून ६३ व्या ल्युसीनपर्यंतची १९ अक्षरे घेतली की बेरीज ४३.७ येते आणि सरासरी २.३ होते. तीन अक्षरे सोडून पुढची १९ अक्षरे, म्हणजे ६७ ते ८५, घेतली की बेरीज उणे २६.५ आणि सरासरी उणे १.४ येते. इतका खडा उतार असला की सीमारेषेबद्दल वाद राहत नाही. युनिप्रॉटमध्ये पटलातला भाग ४४ ते ६६ असा दिलेला आहे, म्हणजे २३ अमिनो आम्ले. अल्फा हेलिक्स या मळसूत्रासारख्या गुंडाळीत प्रत्येक अमिनो आम्लामागे उंची दीड अँगस्ट्रॉमने वाढते, त्यामुळे या तुकड्याची लांबी सुमारे ३४ अँगस्ट्रॉम भरते. पटलाच्या तेलकट गाभ्याची जाडी साधारण ३० असते. हिशेब जुळतो, आणि पटल ओलांडणारा दुसरा कोणताही तुकडा या प्रथिनात सापडत नाही.

या टप्प्यावर थांबून एक प्रश्न विचारावा. केवळ एकदा पटल ओलांडणारा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२९ अक्षरांचा हा धागा आयनांसाठी छिद्र कसे काय तयार करील? व्होल्टेजवर चालणाऱ्या नेहमीच्या पोटॅशियम चॅनलचा एकेक उपघटक पटल सहा वेळा ओलांडतो आणि असे चार उपघटक मिळून एक छिद्र बनते. उत्तराची घाई करू नये. प्रश्न कागदाच्या समासात लिहून ठेवावा.

आतले टोक कोणते, बाहेरचे कोणते

दिशा ठरवण्याचे दोन स्वतंत्र पुरावे याच कागदावर मिळतात. हेलिक्स संपताच ६७ वर आर्जिनीन, ६९ आणि ७० वर लायसीन आहे, आणि धनभारित अमिनो आम्ले पेशीच्या आतल्या बाजूला राहतात असा सर्वसाधारण नियम आहे. दुसरा पुरावा साखरेचा. अ‍ॅस्परजीन, मग प्रोलीन सोडून कोणतेही एक, मग सेरीन किंवा थ्रिओनीन, असा त्रिक जेथे असतो तेथे साखरेची साखळी जोडली जाऊ शकते, पण तो भाग पेशीच्या बाहेर उघडणारा असेल तरच. कागदावर ५ व्या आणि २६ व्या जागी असे दोन त्रिक पेन्सिलीने गोल करावेत. दोन्ही ठिकाणी साखर जोडली जाते. म्हणजे सुरुवातीचे टोक बाहेर आणि शेवटचे टोक आत.

ज्यांना पुढे वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिने आकाराप्रमाणे वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) करायचा आहे, त्यांच्यासाठी ही साखर नुसती माहिती राहत नाही. पट्टीवर १५ हजार डाल्टनच्या जागी एक रेघ यावी अशी अपेक्षा असते आणि वर आणखी दोन रेघा दिसतात. नमुन्याचा एक भाग साखर तोडणाऱ्या पीएनगेझ-एफ या विकराने प्रक्रिया करून शेजारच्या घरात चालवला आणि वरच्या रेघा खाली उतरल्या, तर त्या साखरेच्या होत्या असे समजावे. दुसरी गोष्ट अनुभवाची. मी नवखा असताना एक पटल-प्रथिन इतर नमुन्यांप्रमाणेच उकळत्या पाण्यात ठेवले होते; ते सारे गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकले आणि दोन दिवस मी प्रतिपिंडाला दोष देत बसलो. पटल-प्रथिनाचे नमुने आधी ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहावेत.

जोडीदार शोधणे

आता समासातल्या प्रश्नाकडे यावे. नियामक प्रथिनाच्या अभ्यासात या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे माझे मत आहे, कारण येथेच जाणकारांचीसुद्धा आठ वर्षे फसगत झाली होती.

१९८८ मध्ये ताकुमी, ओकुबो आणि नाकानिशी या जपानी संशोधकांनी घुशीच्या मूत्रपिंडातून हे जनुक वेगळे केले. त्याचा आरएनए त्यांनी झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशीत घातला आणि अंडपेशीत पूर्वी न दिसणारा पोटॅशियमचा संथ प्रवाह दिसू लागला. एक आरएनए घातला, एक प्रवाह मिळाला. तेव्हा हेच प्रथिन चॅनल आहे हा निष्कर्ष स्वाभाविक होता. 'मिनके' या नावातही छोटे पोटॅशियम चॅनल हाच अर्थ होता, आणि आजच्या नावातली 'केसीएन' ही अक्षरे पोटॅशियम चॅनलचीच आहेत. नावावर गेलेला विद्यार्थी आजही तेथेच फसतो.

अडचण अशी होती की बेडकाची अंडपेशी हे रिकामे भांडे नव्हते. १९९६ च्या सुरुवातीला हृदयाच्या लाँग क्यूटी या आनुवंशिक आजाराचा, ज्यात ईसीजीवरचे 'क्यूटी' हे अंतर लांबते, माग काढताना केसीएनक्यू१ हे जनुक सापडले. त्याचे प्रथिन ६७६ अमिनो आम्लांचे, सहा वेळा पटल ओलांडणारे, म्हणजे खऱ्या चॅनलच्या घडणीचे होते; पण त्याचा प्रवाह हृदयात मोजलेल्या कोणत्याच प्रवाहाशी नीट जुळत नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सँग्विनेट्टी आणि बारहानिन यांच्या दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की केसीएनक्यू१ आणि केसीएनई१ एकत्र ठेवले की हृदयाच्या स्नायूतला आयकेएस हा संथ प्रवाह जसाच्या तसा उभा राहतो. अंडपेशीत केसीएनक्यू१चे बेडकाचे स्वतःचे रूप थोड्या प्रमाणात आधीपासूनच होते, आणि १९८८ मध्ये घातलेल्या पाहुण्या प्रथिनाने त्यालाच कामाला लावले होते. मुलीच्या दोन कागदांतला विरोध येथे मिटला.

म्हणून या पायरीवर करायचे काम असे : ज्या प्रयोगाच्या आधारे प्रथिनाला एखादा गुण चिकटवला आहे, तो प्रयोग कोणत्या पेशीत झाला आणि त्या पेशीत त्या जातीची कोणती प्रथिने आधीच होती, हे प्रत्येक लेखाच्या पद्धतींच्या विभागातून काढून वहीत लिहावे. काहीही न घातलेल्या पेशीचा प्रवाह दाखवलेला नसेल तर त्या लेखावर फार वजन टाकू नये.

जोडीची रचना डोळ्यांपुढे आणताना बडोदेकराचा एक हमखास घोटाळा होतो. चार उपघटक म्हटले की त्याला लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट असे चार दरवाजे आठवतात आणि चार वाटा असतील असे तो धरून चालतो. चॅनलची वाट मात्र एकच, मधोमध असते, आणि चारही उपघटक मिळून तिच्या भिंती होतात. केसीएनई१ या वाटेत शिरत नाही. ते बाहेरून, दोन उपघटकांच्या मधल्या खाचेत, व्होल्टेज ओळखणाऱ्या भागाला लगटून बसते. एका चॅनलवर दोन केसीएनई१ बसतात की चारपर्यंत बसू शकतात, यावर दोन मते आहेत आणि दोन्ही बाजूंकडे प्रयोग आहेत. प्रकल्पात दोन्ही मते लिहावीत.

प्रवाहाचा आलेख वाचणे

लेखांतले आलेख पाहताना आधी व्होल्टेजची पायरी पाहावी आणि मग काळाची पट्टी. पेशी उणे ८० मिलिव्होल्टवर धरून अधिक ४० वर काही सेकंद नेली की एकटे केसीएनक्यू१ झटकन उघडते आणि प्रवाह लवकर सपाट होतो. सोबत केसीएनई१ असेल तर सुरुवातीला किंचित विलंब दिसतो, मग प्रवाह सावकाश चढत राहतो आणि कित्येक सेकंदांनंतरही सपाट होत नाही. शेवटी त्याची उंची एकट्याच्या कित्येक पट होते, आणि उघडण्यासाठी व्होल्टेजही अधिक धन लागते.

पायरी संपल्यावर जी शेपटी उरते तीही सोडू नये. एकट्या केसीएनक्यू१च्या शेपटीला सुरुवातीस गळासारखा बारीक आकडा असतो, म्हणजे प्रवाह खाली येण्याआधी क्षणभर वाढतो. काही चॅनल उघड्या स्थितीतच निष्क्रिय झालेली असतात आणि परतताना क्षणभर मोकळी होतात, त्याची ही खूण आहे. केसीएनई१ आले की हा आकडा नाहीसा होतो. आमच्या विद्यार्थिनीने आलेखावर भिंग धरून तो आकडा पाहिला, तेव्हाच 'नियमन' या शब्दाचा अर्थ तिला पटला. तोवर ती त्याचा अर्थ चालू-बंद करणे एवढाच घेत होती.

याच कुटुंबातल्या १०३ अमिनो आम्लांच्या केसीएनई३शी तुलना जरूर करावी. तेही केसीएनक्यू१वरच बसते, पण त्याला जवळजवळ कायम उघडे ठेवते. हा स्वभावभेद हेलिक्सच्या मध्यावरच्या तीन अक्षरांत बराचसा सामावलेला आहे. केसीएनई१मध्ये ५७ ते ५९ या जागी फिनाइलअलानीन, थ्रिओनीन, ल्युसीन आहेत. त्यांतले ५८ वे थ्रिओनीन काढून केसीएनई३मधल्या ७२ व्या जागेचे व्हॅलीन घातले की चॅनलची चाल केसीएनई३च्या वळणावर जाते. कागदावर ही तीन अक्षरे लाल करावीत.

रचना पाहताना

प्रोटीन डेटा बँकेत '२के२१' या क्रमांकाखाली केसीएनई१ची २००८ मधली एनएमआर रचना आहे. ती साबणासारख्या रेणूंच्या पुंजक्यात, जोडीदाराशिवाय काढलेली आहे, हे विसरू नये. तिच्यात पटलातला हेलिक्स किंचित वाकलेला दिसतो. चॅनलवर बसलेला याच कुटुंबातला सदस्य पाहायचा असेल तर केसीएनक्यू१ आणि केसीएनई३ यांची २०२० मधली क्रायो-इलेक्ट्रॉन रचना उघडावी. अल्फाफोल्डचे, म्हणजे संगणकाने क्रमावरून वर्तवलेल्या रचनेचे, चित्र शेवटी पाहावे. त्यात गडद निळा भाग भरवशाचा, फिका निळा बरा, पिवळा कमी भरवशाचा आणि नारिंगी जवळजवळ सोडून देण्याजोगा असतो. नारिंगी दोरा पडद्यावर ज्या दिशेला लोंबताना दिसतो, ती त्याची खरी दिशा समजू नये. त्या चित्रात पटल काढलेले नसते, तेव्हा आपल्या कागदावरच्या ४४ आणि ६६ या खुणांवरून ते स्वतः आखून घ्यावे.

जनुक-अहवालातला बदल तपासणे

हे प्रथिन हृदयात ठोक्याच्या शेवटी स्नायूला पूर्वस्थितीत आणण्यास मदत करते आणि आतल्या कानात एंडोलिम्फ या द्रवात पोटॅशियम पोहोचवते. म्हणूनच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की जर्व्हेल आणि लांगे-नील्सन यांनी १९५७ मध्ये नॉर्वेत वर्णिलेला आजार होऊ शकतो, ज्यात जन्मजात बहिरेपण आणि हृदयाचा धोका एकत्र येतात. प्रकल्प करताना एखाद्या नातेवाइकाचा अहवाल कोणीतरी हमखास पुढे करतो. उपचाराचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा; पण बदल नीट वाचणे आपल्याला जमले पाहिजे.

समजा अहवालात 'सी. २५३ जी ते ए' आणि 'डी८५एन' असे लिहिले आहे. पहिले लेखन डीएनएच्या अक्षरांचे, दुसरे प्रथिनाच्या. डीएनएच्या तीन अक्षरांचा एक संकेत एका अमिनो आम्लासाठी असतो, म्हणून ८५ व्या संकेताचे पहिले अक्षर ८५ गुणिले ३ वजा २, म्हणजे २५३ वे. अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे दोन्ही संकेत 'जी'ने सुरू होतात आणि तेथे 'ए' आला की 'एन', म्हणजे अ‍ॅस्परजीन होते. दोन्ही लेखनांचा मेळ बसला. आपल्या कागदावर ८५ वर 'डी' आहेच. हा अर्ध्या मिनिटाचा ताळा टंकलेखनाच्या चुका पकडतो.

पुढे वारंवारता पाहावी. नोमॅड या लोकसंख्येच्या संग्रहात डी८५एन युरोपीय वंशाच्या दर शंभर व्यक्तींत साधारण दोघांकडे आढळतो, तर जन्मजात लाँग क्यूटी दोन हजारांत एकाला होतो. इतका सर्रास बदल एकट्याने इतका विरळ आजार घडवू शकत नाही. मात्र तो निरुपद्रवीही नाही : क्यूटी लांबवणारी काही औषधे हृदयातले दुसरे पोटॅशियम चॅनल अडवतात, तेव्हा आयकेएस ही राखीव ताकद उपयोगी पडते, आणि डी८५एन असलेल्यांत ती राखीव ताकद तोकडी असते. अशा व्यक्तीने नवे औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना हा अहवाल दाखवावा. डी७६एन हा बदल याच्याशी घोळू नये. तो विरळ आहे, १९९७ मध्ये आजारी कुटुंबात सापडला होता आणि प्रवाह बराच घटवतो. उलट ३८ व्या जागी सेरीन किंवा ग्लायसीन असणे निरोगी लोकांत सर्वत्र आढळते, तेव्हा तुमच्या उतरवलेल्या क्रमात आणि मैत्रिणीच्या क्रमात तेथे फरक दिसला तर घाबरू नये. २०२० मधल्या फेरतपासणीत नेहमीच्या लाँग क्यूटीचा निश्चित पुरावा केसीएनक्यू१, केसीएनएच२ आणि एससीएन५ए या तीनच जनुकांबाबत मान्य झाला, केसीएनई१ त्यांत नाही. जुन्या अहवालातली ठाम भाषा वाचताना हे लक्षात ठेवावे.

शेवटची तपासणी बहुतेक जण करत नाहीत. अहवालाच्या अखेरच्या पानावर बारीक अक्षरांत संदर्भ-जनुकसंचाची, म्हणजे तुलनेसाठी वापरलेल्या प्रमाण जनुकसंचाची, आवृत्ती लिहिलेली असते. ती 'जीआरसीएच३८' असेल तर या जनुकासाठी सावध व्हावे, कारण त्या आवृत्तीत २१ व्या गुणसूत्राचा हा तुकडा चुकून दोनदा आला आहे. त्यामुळे यंत्राने वाचलेले आखूड तुकडे दोन्ही जागी सारखेच बसतात, संगणक त्यांना अविश्वसनीय ठरवून बाजूला टाकतो, आणि खरा बदल अहवालात येतच नाही. तेव्हा 'केसीएनई१मध्ये काही आढळले नाही' एवढे वाक्य वाचून थांबू नये. ती खोटी प्रत झाकून विश्लेषण केले होते का, हे प्रयोगशाळेला लेखी विचारावे, आणि केले नसेल तर त्याच कच्च्या माहितीवर ते पुन्हा करून मागावे. त्यासाठी नव्याने रक्त द्यावे लागत नाही.